केडगावची बादली

१९०५ चा जून सरत आला होता. पहाटेचे साडेतीन वाजले असतील. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुली झोपल्या होत्या आणि त्यांतली एक थोरली मुलगी प्रार्थनेत होती. शेजारच्या बाईला जाग आली. पाहते तर मुलीच्या अंगावर जाळ. ती उठली, धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, आणि आता ओतणार तोच तिच्या ध्यानात आलं की ही जळत नाहीये. मिशनच्या त्या काळच्या वृत्तांतांत हा प्रसंग लिहून ठेवलेला आहे.

ख्रिस्ती वाचकाला इथं 'प्रेषितांची कृत्ये'चा दुसरा अध्याय आठवणार. पन्नासाव्या दिवशी शिष्य एका घरात जमलेले, प्रत्येकाच्या डोक्यावर अग्नीच्या जिभा, आणि मग परक्या भाषांत बोलणं. केडगावच्या मुलींनाही तोच आठवला असणार. मला मात्र त्या प्रसंगात जाळापेक्षा बादली जास्त आवडते. जाळ दिसल्याबरोबर ती बाई गुडघ्यावर बसली नाही. आधी पाणी आणलं. एखाद्या मुलीच्या अंगावर आग दिसली तर शहाण्या माणसानं जे करावं तेच तिनं केलं, आणि आग नाही हे कळल्यावर बादली खाली ठेवली. पवित्र आत्म्याची कृपादानं आजही चालू आहेत का, या आमच्या मंडळ्यांतल्या जुन्या भांडणात मला या बाईची बाजू घ्यावीशी वाटते.

भांडण काय आहे ते थोडक्यात सांगतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलानं आत्म्याच्या दानांची यादी दिली आहे. ज्ञानाचं वचन, विश्वास, रोग बरे करणं, अद्भुत कामं, संदेश देणं, आत्मे ओळखणं, अन्यभाषा, त्यांचा अर्थ सांगणं. एक पक्ष म्हणतो, ही दानं प्रेषितांच्या काळापुरती होती. सुवार्तेला साक्षीची गरज होती, शास्त्र अजून लिहून पुरं झालं नव्हतं. ते झालं आणि दानं थांबली. दुसरा पक्ष म्हणतो, देवानं असं कुठं जाहीर केलं आहे? मी वाढलो त्या नगर जिल्ह्यातल्या मंडळीचा वारसा अमेरिकन मराठी मिशनचा. तिथं पवित्र आत्म्याचं नाव उपासनेच्या शेवटी आशीर्वादात यायचं आणि तेवढंच. कुणी 'हालेलुया' जरा मोठ्यानं म्हटलं तर पुढच्या बाकावरची माणसं मागं वळून बघायची.

पहिल्या पक्षाचा सगळ्यात भक्कम वकील प्रिन्स्टनचा बेंजामिन वॉरफिल्ड. त्याचं या विषयावरचं पुस्तक १९१८ मध्ये निघालं, आणि चमत्कारांना त्यानं शीर्षकातच 'बनावट' म्हणून टाकलं. मध्ययुगातले संत, लूर्दचं तीर्थस्थान, विश्वासानं बरं करणारे अमेरिकन उपदेशक, एकेकाला तो उलट तपासणीला उभा करतो. पुस्तक कोरडं आहे, पण लिहिणाऱ्याचं घर कोरडं नव्हतं. १८७६ मध्ये लग्नानंतर तो बायकोला घेऊन जर्मनीला गेला, तिथं डोंगरात दोघं वादळात सापडली, आणि त्या धक्क्यातून ती कधी सावरली नाही. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं त्यानं तिची शुश्रूषा केली. कॉलेजच्या कामापलीकडे तिला फार वेळ एकटं सोडून तो कुठं गेला नाही. १९१५ मध्ये ती वारली आणि तीन वर्षांनी हे पुस्तक आलं. आजारी माणसाच्या उशाशी इतकी वर्षं काढलेल्या माणसाला, देव मागेल त्याला बरं करतोच असं सांगत फिरणाऱ्यांचा राग आला असेल तर मला तो समजतो.

पण दानं ठरावीक तारखेला थांबली हे त्याचं म्हणणं मला पटत नाही, आणि त्याला कारण हिप्पोचा बिशप ऑगस्टीन आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस ख्रिसोस्तोम करिंथकरांच्या त्याच अध्यायावर बोलताना म्हणत होता, की हा भाग समजायला अवघड जातो, कारण यातलं काही आता घडत नाही. तरुण ऑगस्टीनचंही मत साधारण असंच होतं. म्हातारपणी त्यानं ते बदललं. 'देवाचं नगर' या ग्रंथाच्या शेवटच्या भागात तो आपल्या डोळ्यांदेखत झालेल्या गोष्टी सांगतो. कार्थेजमधल्या इनोसेंतियस नावाच्या एका गृहस्थाला भगंदर होतं. एकदा शस्त्रक्रिया झालेली, पुन्हा करावी लागणार होती. आदल्या रात्री तो असा काही रडून प्रार्थना करत होता की ऑगस्टीनला स्वतःला प्रार्थना सुचेना. सकाळी वैद्य हत्यारं घेऊन आले, पट्टी सोडली, तर जखम भरलेली. पुढं ऑगस्टीन सांगतो, की हिप्पोमध्ये बरं झालेल्यांकडून लेखी हकिगती घेण्याची पद्धत त्यानं घातली. त्या मंडळीत वाचल्या जात, आणि दोन वर्षंही झाली नव्हती तोवर सत्तरच्या आसपास जमल्या होत्या.

यात मला महत्त्वाचे वाटतात ते वैद्य. त्यांना कुणी हाकललेलं नव्हतं. पट्टी त्यांनीच सोडली आणि बरं झाल्याचं त्यांनीच सांगितलं.

केडगावकडे परत येतो. मुक्तीमध्ये तेव्हा शेकड्यांनी मुली आणि बायका होत्या. १८९६-९७ च्या आणि नंतर १९०० च्या दुष्काळांतून रमाबाईंनी गोळा करून आणलेल्या. शेती, विहिरी, गुरं, तेलाचा घाणा, विणकाम, छापखाना, शाळा असा सगळा संसार. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी रोज प्रार्थनेला कोण येईल असं विचारलं तेव्हा सत्तर जणी उभ्या राहिल्या. जूनपर्यंत आकडा साडेपाचशेवर गेला. वेल्समध्ये संजीवनाची, म्हणजे धार्मिक जागृतीची, लाट होती, तिच्या बातम्या येत होत्या. जूनच्या अखेरीस ते केडगावात उसळलं. मुली ढसढसा रडत, पापं कबूल करत, एकदमच सगळ्या मोठ्यानं प्रार्थना करत. १९०६ च्या शेवटी अन्यभाषाही आल्या. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या अझुसा रस्त्यावर विल्यम सेमूर या काळ्या उपदेशकाच्या सभा सुरू झाल्या होत्या, आणि जगभरचे पेंटेकॉस्टल लोक आपला जन्म तिथं मोजतात. केडगावचं संजीवन मात्र त्याच्या आधीचं. जवळच धोंडला, म्हणजे आजच्या दौंडला, मुलांचा आश्रम चालवणारे आल्बर्ट नॉर्टन नावाचे अमेरिकन मिशनरी मुक्तीत आले होते. इंग्रजी न येणारी एक बाई स्वच्छ इंग्रजीत प्रार्थना करताना आपण ऐकली, असं त्यांनी लिहून ठेवलं.

त्यांनी खरंच काय ऐकलं हा प्रश्न सव्वाशे वर्षांनंतर सोडवायला मी जाणार नाही. त्या मिशनमध्ये इंग्रजी कानावर पडतच असणार, हे संशयखोर म्हणेल आणि त्यात तथ्य आहे. मला नवल वाटतं ते रमाबाईंच्या वागण्याचं. काही गोऱ्या मिशनऱ्यांनी टीका केली, हा बायकांचा वातविकार आहे म्हणाले. रमाबाईंनी उत्तर दिलं, की हिंदी माणसांना त्यांच्या स्वभावाप्रमाणे देवाची उपासना करू द्या, त्यांना तुमच्या रीतीभातीच्या चौकटीत बसवायचा हट्ट धरू नका. त्याच वेळी अन्यभाषा बोलला तरच आत्मा मिळाला, असला नियम त्यांनी केला नाही. हे दान आपल्याला मिळालं, असा दावाही त्यांनी स्वतःसाठी केला नाही. मुलींना मिळालं याचा आनंद मानला आणि छापखाना चालू ठेवला.

रमाबाईंना चमत्काराचं वेड असतं तरी कुणी नवल केलं नसतं, आणि चमत्काराचा तिटकारा असता तरीही. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे आयुष्यभर तीर्थयात्रा करत, पुराण सांगत फिरले. १८७०च्या दशकात दक्षिणेतल्या दुष्काळात जवळचं सगळं संपलं. होतं नव्हतं ते अनुष्ठानांत आणि दानदक्षिणेत गेलं, कारण देव पावेल आणि धन देईल असं ग्रंथांत लिहिलं होतं. मग पानं खाऊन दिवस काढले. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. १९०७ मध्ये, म्हणजे केडगावात अन्यभाषांचा गजर चालू असताना, रमाबाईंनी आपल्या साक्षीत हे सगळं लिहून काढलं. दैवी मदतीची वाट बघत उपाशी मेलेल्या आईबापांची ही मुलगी. म्हणूनच मुक्तीत आधी विहिरी खणल्या गेल्या आणि धान्याची कोठारं भरली गेली, असं मला वाटतं. पावसासाठी त्यांनी प्रार्थना केली नसेल असं नाही. पण विहीर खणायची थांबवून नक्कीच नाही.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. ते जमलं नाही, कारण त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. ते कान कधी बरे झाले नाहीत. ज्या प्रार्थनामंदिरात शेकडो मुली कधी न ऐकलेल्या भाषांत बोलत होत्या, तिथं त्या अर्धवट बहिऱ्या बसलेल्या असत. एकुलती एक मुलगी मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली. आठनऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ ला, त्या स्वतः गेल्या. तोवर मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी हातावेगळं केलं होतं. विश्वास कमी पडला म्हणून रमाबाईंचे कान बरे झाले नाहीत, असं म्हणण्याची छाती कुणाची आहे?

आजच्या चंगाई सभांत, म्हणजे रोग बरे करण्याच्या सभांत, 'विश्वास कमी पडला' हे वाक्य सर्रास म्हटलं जातं. म्हणूनच मला लिहावंसं वाटलं.

माझ्या आत्याला बरीच वर्षं साखरेचा आजार. शिक्षिका होती, पेन्शन आहे, हिशोबाला पक्की. ती एका प्रार्थनासभेला जाऊ लागली. शहराबाहेर एका मंगल कार्यालयात शुक्रवारी उपवास प्रार्थना. मीही तिला सोडायला म्हणून आत जाऊन बसलो आहे. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, समोर कीबोर्ड आणि पॅड, आवाज घुमवणारा माईक, टेबलावर खोबरेल तेलाच्या लहान बाटल्या ओळीनं मांडलेल्या. गाणी चांगली असतात, हे मान्य करतो; आमच्या जुन्या उपासनासंगीतावर झोपी गेलेली माणसं इथं डोळे मिटून उभी राहतात. मग साक्षी. एकीची गाठ गेली, एकाला व्हिसा मिळाला, एकाचा सिबिल स्कोअर सुधारला. या शेवटच्याला मी हसलो, आणि आत्यानं डोळे वटारले.

एका शुक्रवारी तिथल्या सेवकानं तिला सांगितलं, की तू बरी झालीस, आता इन्सुलिन घेणं म्हणजे देवावर अविश्वास. तिनं घरी कुणाला न सांगता सुई बंद केली. पायाला झालेली जखम चिघळली आणि ती दवाखान्यात दाखल झाली तेव्हा अंगठा काळा पडला होता. तो काढावा लागला. सेवक भेटायला आला, मोठ्यानं प्रार्थना केली आणि जाता जाता दारात माझ्या आतेभावाला म्हणाला, घरातल्या कुणाचा तरी विश्वास कमी पडला.

हे तर्कशास्त्र मला सैतानी वाटतं. रोगी बरा झाला तर सेवकाचं दान खरं. नाही झाला तर रोग्याचा विश्वास खोटा. सेवक कुठूनच हरत नाही. नव्या करारात असं नाही. पौलानं पुष्कळांना बरं केलं असं लिहिलं आहे, पण आपला सोबती त्रफिम याला त्यानं मिलेतात आजारी ठेवून पुढं प्रवास केला, तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर थोडा द्राक्षारस घे असा वैद्यकी सल्ला दिला, आणि स्वतःच्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी करूनही काटा राहिलाच. यांतल्या कुणालाही त्यानं तुझा विश्वास कमी पडला असं सुनावलेलं नाही.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर माझं लिहिणं एकांगी होईल. आत्या अजून त्याच सभेला जाते. गोळ्या-सुई नियमानं घेते, पण जाते. मी चिडून विचारलं, तर म्हणाली, "अरे, आपल्या चर्चात मी चाळीस वर्षं बसले. मला कुणी कधी विचारलं, आत्याबाई तुला काय बोलायचंय?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या जुन्या मंडळ्यांत बाई भाकरी-कालवण करते, पैसे गोळा करते, गाते; बोलतात मात्र पुरुष. त्या मंगल कार्यालयात तिला माईक मिळतो. तिच्या शेजारी बसते ती एक धुणीभांडी करणारी बाई. तिचा नवरा रोज पिऊन मारायचा. दोन वर्षं झाली, त्यानं दारू सोडली आहे, आता तोच सभेत खुर्च्या लावतो आणि निघताना बायकोची पिशवी स्वतः उचलतो. मी त्याला पिशवी उचलताना पाहिलं आहे. याला मानसशास्त्रात काही नाव असेल. त्या बाईच्या पाठीवर आता वळ नाहीत, हे नावानं बदलत नाही. पौलाच्या यादीत 'अद्भुत कामं' आहेत. ती यादी आजही चालू आहे का, असं मला विचारलं तर मी या माणसाकडे बोट दाखवीन.

अन्यभाषांबद्दलही माझं मत या धुणीभांडी करणाऱ्या बाईमुळेच मऊ झालं. आयुष्यभर जिचं बोलणं कुणी ना कुणी सुधारत आलं, साहेब, मास्तर, सासू, पाळक, तिला आठवड्यातून एकदा अशी भाषा मिळते जिच्यात चूक काढता येत नाही. मुक्तीतल्या दुष्काळी मुलींनाही तसंच काही मिळालं असेल का? पौलानं मात्र यालाही शिस्त लावली. दोघांनी, फार तर तिघांनी, आळीपाळीनं बोलावं, कुणी अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर मनात देवाशी बोलावं. हे आजच्या सभांत पाळलं तर अर्ध्या सभा अर्ध्या वेळात आटपतील.

केडगावची ही आग कुठवर गेली हेही सांगायला हवं. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी १९०६ मध्ये या अनुभवावर एक छोटं पुस्तक लिहिलं. शिकागोत त्यांच्याबरोबर शिकलेली मैत्रीण तेव्हा दक्षिण अमेरिकेत, चिलीच्या वाल्परायसोत, नवरा विलिस हूव्हर यांच्याबरोबर मेथडिस्ट मिशनमध्ये होती. पुस्तक तिकडे पोचलं. १९०९ मध्ये तिथं तसंच संजीवन झालं, मेथडिस्टांनी हात झटकले, आणि चिलीतल्या मोठ्या पेंटेकॉस्टल मंडळ्या त्यातून उभ्या राहिल्या. तिकडचे इतिहासकार केडगावचं नाव घेतात. आमच्याकडे शाळेच्या पुस्तकात रमाबाई असतात त्या समाजसुधारक म्हणून. जाळाची आणि बादलीची गोष्ट पुरोगाम्यांना अडचणीची आणि आमच्या मंडळ्यांनाही अडचणीचीच.

अडचण समजण्यासारखी आहे. चंगाई सभा म्हटलं की लगेच धर्मांतराचा गलबला होतो, पोलिस येतात, तंबू मोडले जातात. अशा वातावरणात आपल्या घरातले प्रश्न चव्हाट्यावर कशाला आणायचे, असं आमचे वडीलधारे म्हणतात. मला हे पटत नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर तो आला. चमत्काराचे दावे करून लोकांना फसवणं, लुबाडणं त्यात गुन्हा आहे. तो सगळ्या धर्मांच्या बुवांना लागू आहे आणि आमच्या सेवकांनाही लागू आहे. ख्रिस्ती माणसानं त्याला भ्यायचं कारण नाही. ऑगस्टीननं सोळाशे वर्षांपूर्वी लेखी हकिगत मागितली होती. कॅथलिकांनी लूर्दला डॉक्टरांची समिती बसवली. हजारोंनी दावे आले, आणि १८५८ पासून आजवर चमत्कार म्हणून मान्य झाले ते सत्तरच्या घरात. हा आकडा ऐकून नास्तिक हसतात. मला तो प्रामाणिक वाटतो. ज्या मंडळीत दर शुक्रवारी सत्तर चमत्कार होतात, तिथं मोजणारं कुणी नाही एवढंच मला कळतं.

आत्म्याच्या कामावर पाणी ओतू नका असं पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला बजावतो आणि लगेच सगळ्याची पारख करायलाही सांगतो. आमच्यातले काही जण फक्त पहिलं ऐकतात, काही जण फक्त दुसरं.

पाळकसाहेबांना आणि सभा घेणाऱ्या सेवकांना माझी एवढीच विनंती आहे. पुढच्या शुक्रवारी तेलाच्या बाटल्या वाटण्याआधी माईकवरून एकदा स्पष्ट सांगा, की प्रार्थना झाल्यावरही औषध चालू ठेवायचं, आणि बंद करायचं ते डॉक्टरांनी सांगितलं तरच. आणि ज्यांना सभेला जायचं आहे त्यांनी जरूर जावं. गोळ्या पिशवीत टाकून जावं.